तेजोमेघाचं बारसं

मखमलाबाद, नाशिक
दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास,
वत्सलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तू दचकशील, म्हणून आधीच सांगते, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण हल्ली मला कमी ऐकू येतं, तो स्पीकरवर लावावा लागतो, आणि मग आपलं बोलणं मळ्यातल्या शेवंतीपर्यंत पोचतं. शिवाय जे सांगायचं आहे ते तुझ्या बापाबद्दल आहे, आणि तो हल्ली माझ्याच ओट्यावर बसून असतो.

तर बातमी अशी, की मोतीरामला मुलगी झाली. वय वर्षं एकतीस. मागच्या सोमवारी सकाळी सव्वासातला झाली, पेपर आला तेव्हा. 'नाशिकच्या कन्येने उलगडले तेजोमेघाचे रहस्य' असा मथळा आणि खाली तुझा फोटो. गेली चार वर्षं कुणी तुमची प्रतिभा कुठे असते असं विचारलं, की हा बाहेरगावी असते म्हणायचा आणि टेम्पोचं टायर दाबून बघायला लागायचा. आता ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलंय आणि फुलबाजारात झेंडूचे क्रेट उतरवण्याआधी ते बाहेर निघतं. लहानपणी मीच तिला खांद्यावर बसवून तारे दाखवले, असं तो सांगतो. मी त्याची सख्खी मोठी बहीण. मला आठवतं ते इतकंच, की रात्री साडेआठनंतर मोतीरामला जागा पाहिलेला माणूस या पंचक्रोशीत नाही.

इथवर ठीक होतं. बापाने मिरवावं, उशिरा का होईना. पण काल खंडेराव अण्णा घरी आले. होय, तेच. त्यांच्या पुतण्याशी, शेखरशी ठरलेला साखरपुडा सोडून तू पुण्याला मुलाखतीला निघून गेलीस, तेव्हापासून ज्यांनी आपल्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं ते. फूल उत्पादक संस्थेची निवडणूक एकवीस डिसेंबरला आहे. मागच्या खेपेला तुझा बाप त्यांच्या पॅनलमधून निवडून आला होता, या खेपेला त्याला कुणी विचारलं नव्हतं. तर अण्णा बसले, चहा घेतला, कात्रण हातात घेऊन लांब धरून वाचलं आणि म्हणाले, या ढगाला नाव काय? मी म्हटलं, नाव नाही, नुसता आकडा असतो. ते म्हणाले, मग द्या की आमच्या वडिलांचं. आणि तुझा बाप, क्षणाचाही विचार न करता, देऊ म्हणाला.

तर प्रतिभा, अभिनंदन. तुझ्या तेजोमेघाचं नाव आता कैलासवासी देवरामअप्पा. सात डिसेंबरला सत्कार आणि नामकरण आहे, मंडपवाल्याला विसार गेला आहे.

तू नेमकं काय शोधलंस ते त्या बातमीवरून मला काही कळलं नाही. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला कळलं नाही म्हणजे वार्ताहरालाही कळलेलं नसणार. सविस्तर लिही. तुझ्या आईने, कलाने, डिंकाचे लाडू करून ठेवलेत, पाठवायचे की तू न्यायला येतेस, तेही कळव.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
वत्सलाआत्या

पुणे
दि. १९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. वत्सलाआत्यास,
प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पहिलं पान हसत वाचलं आणि दुसरं उभं राहून.

आत्या, नाव देता येत नाही. मला नाही, माझ्या मार्गदर्शकांना नाही, संस्थेच्या संचालकांनाही नाही. आकाशातल्या गोष्टींची नावं जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची संघटना ठरवते आणि तिथे नाशिकच्या फूल उत्पादक संस्थेला मत नाही. मी एका ढगाचं नाव गावच्या पुढाऱ्याच्या वडिलांना दिलं, असं उद्या पेपरात आलं तर इथे लोक मला काय म्हणतील याचा विचार कर. प्रबंध अजून तपासला जातोय. आमचे सर सज्जन आहेत, पण घाबरट आहेत. एक कात्रण त्यांच्या टेबलावर आलं की संपलं.

मी काय शोधलं ते तुला सांगते. मृगाच्या पूर्वेला, जिथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे वायूचा आणि धुळीचा एक मोठा ढग आहे. त्यात तारे जन्माला येताहेत. नवे तारे फार तापट असतात. त्यांच्या प्रखर किरणांनी आजूबाजूचा वायू उजळतो, म्हणून तो ढग तांबूस दिसतो. आणि त्यांच्या झोताने ढगात पोकळ्या पडतात, कडेला खांबांसारखे उंचवटे उरतात. आमच्या ढगात मधोमध अशी एक प्रचंड पोकळी आहे, आणि छायाचित्रात त्या पोकळीच्या बरोबर मध्यावर एक ठळक, झगझगीत तारा आहे. गेली चाळीस वर्षं सगळ्यांनी धरून चाललं होतं, की ही पोकळी त्यानेच कोरली.

मी त्याचं अंतर तपासलं. आत्या, तो त्या ढगात नाहीच. तो ढगाच्या खूप अलीकडे आहे, आपल्या बाजूला, अर्ध्याहून कमी अंतरावर. त्याचा आणि ढगाचा काडीचा संबंध नाही. केवळ आपल्याकडून बघताना एका रेषेत येतो म्हणून मध्यावर दिसतो. पोकळी कोरली ती मागच्या धुळीत दडलेल्या अकरा कोवळ्या ताऱ्यांनी. त्यांचा उजेड बाहेर येत नाही, फक्त ऊब येते, ती पकडणाऱ्या दुर्बिणीतून ते दिसले. साडेतीन वर्षं मी हेच करत होते.

बाबांनी मला फोन केला होता. म्हणजे केला माझ्या भावाने, ज्ञानेशने, आणि बाबा मागून बोलत होते, तिला विचार कोणत्या गाडीने येणार. मी ज्ञानेशला म्हटलं, त्यांना फोन दे. तो म्हणाला, ते गोठ्याकडे गेले. आत्या, ते खोकत असल्याचं ऐकू येत होतं मला. चार वर्षांनी माणूस मुलीला बोलावतो तर निदान स्वतःच्या तोंडाने बोलवावं.

मी येणार नाही. लाडू पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रतिभा

सोबत ढगाचं खरं छायाचित्र पाठवते आहे. माझ्या खोलीत भिंतीवर लावलं होतं ते काढून देते.

मखमलाबाद
दि. २६ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास,
आत्याचे आशीर्वाद.

छायाचित्र पोचलं, आणि अगदी वेळेवर. मखमलाबादच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला आहे. दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. तो फोटो माझ्या पंजाएवढा आहे, खंडेराव अण्णांचा माझ्याएवढा. खाली बावीस शुभेच्छुक, त्यातले तीन जण काळे चष्मे लावून फोनवर बोलताहेत. आणि मागे, संपूर्ण फ्लेक्सभर, तो तुझा तेजोमेघ. केशरी गोळा, त्यात तांबड्या शिरा. मी बराच वेळ बघत राहिले. हे कुठेतरी पाहिलंय असं सारखं वाटत होतं. मग आठवलं. मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी माझ्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढून दाखवला होता, तो अगदी असाच दिसत होता. फ्लेक्सवाल्या रवीला जाऊन विचारलं. तो म्हणाला, मॅडम, मी नेटवरून घेतला, कुणाचा तरी डोळा असेल, पण लांबून आकाशच वाटतो. माझाच विद्यार्थी. विज्ञानात पस्तीस मार्क दिले होते मी, ते माझ्या अंगाशी आले.

तुझं छायाचित्र त्याला दिलंय. स्टेजमागे लावायला तो ते मोठं करून छापतो आहे.

नाव देता येत नाही हे मी तुझ्या बापाला तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा तो म्हणाला, ताई, तुला आजकालचं माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, आपण आपल्यापुरतं देऊ. तिसऱ्यांदा टेम्पोचं टायर दाबून बघायला गेला. पत्रिका दोन दिवसांपूर्वी छापून आल्या होत्या. 'तेजोमेघ नामकरण सोहळा', आणि खाली बारीक अक्षरात, महिलांनी पाळण्यासाठी वेळेवर यावे. हो, पाळणा. खंडेराव अण्णांची कल्पना, बायका बाळाला घालतात तसं नाव घालतील. मी विचारलं, पाळण्यात काय ठेवणार? त्यावर बैठक झाली. नारळ ठेवायचं ठरलं.

आता हसणं थांबव, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. तुझ्या बापाची बाजू मी कधी घेत नाही, तेव्हा एकदा घेते. तू गेल्यावर या माणसाचं काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. संस्थेच्या बैठकीत त्याची खुर्ची मागच्या रांगेत गेली. मग बैठकीचा निरोप येणं थांबलं. लग्नकार्यात अण्णांची माणसं त्याच्या पंगतीला बसेनात. तो कधी बोलला नाही. तुझ्यावर रागावला, कारण अण्णांवर रागावण्याची हिंमत नव्हती. आता पॅनलमध्ये सहाव्या क्रमांकावर त्याचं नाव आहे आणि तो नवा सदरा शिवून घेतोय. त्रेसष्टाव्या वर्षी. तू आलीस तर ते नाव राहील, नाही आलीस तरी बहुधा राहील, पण नाव देता येत नाही असं तू पेपरात म्हणालीस, तर राहणार नाही.

तू येत नाहीस हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, नसेल येत तर तिचं लिहिलेलं काहीतरी ताईने वाचून दाखवावं. अण्णांना चालणार आहे. मला वाटतं, तू नसलीस तर त्यांना अधिकच चालणार आहे.

काय करायचं ते तुझं तू ठरव. मी तुला शिकवलं ते आकाश कसं बघायचं, घर कसं बघायचं ते मलाच नीट आलेलं नाही.

तुझ्या निरोपाकडे डोळे लावून बसलेली,
वत्सलाआत्या

पुणे
दि. २ डिसेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दोनदा बसचं तिकीट काढलं आणि दोनदा रद्द केलं. खुर्ची मागच्या रांगेत गेली, हे वाक्य डोक्यातून जात नाही. मला वाटत होतं, ते फक्त माझ्यावर रुसले आहेत. त्यांचंही कुणी काही हिसकावून घेतलंय असं कधी मनात आलं नाही. पण आत्या, त्या स्टेजवर मी बसले की मी होकार दिला असाच अर्थ होणार. आणि मी तिथे त्यांच्या समोर नाही म्हणाले, तर त्यांची खुर्ची मीच दुसऱ्यांदा ओढली असं होणार. नाही आले तर निदान माझ्या हाताने होणार नाही. हे शूरपणाचं नाही, कळतंय मला.

एक पान लिहून पाठवते आहे. ढग म्हणजे काय, तारे त्याला कसा आकार देतात, आम्हाला काय सापडलं, एवढंच आहे. मुद्दाम इतकं सोपं लिहिलंय की आपल्या मळ्यात पेठहून कामाला येणाऱ्या मंगळूकाकांनाही कळावं. शेवटी दोन ओळी आहेत, की या ढगाला क्रमांक आहे आणि तोच राहील, मी आणि माझी संस्था त्याला नाव देऊ शकत नाही. त्या दोन ओळी वाचल्याच पाहिजेत. बाकीचं तुला लांब वाटलं तर गाळ.

आणखी एक. वाचताना बाबांकडे बघू नकोस. तुझा आवाज अडखळेल.

लाडू पोचले. आईने डब्यात वर त्या कात्रणाची एक प्रत घडी करून घातली होती. तिने माझ्या फोटोभोवती पेनाने चौकट काढली आहे.

तुझ्यावर नको ते ओझं टाकणारी,
प्रतिभा

मखमलाबाद
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. प्रतिभास,
आत्याचे आशीर्वाद. नीट बैस, मग वाच.

काल सकाळी अकराचा सोहळा साडेबाराला सुरू झाला, कारण अण्णा दुसऱ्या एका उद्घाटनाला गेले होते. मंडपात तीनशे माणसं तरी असतील. पुढे सतरंजीवर मळ्यांतल्या तोडणीच्या बायका, मंगळू आणि त्याची माणसं, मागे खुर्च्यांवर बाकीचे. स्टेजमागे तुझा ढग, पंधरा फुटांचा. रवीने एकदाचं आयुष्यात चांगलं काम केलं. प्रतिभा, मी आजवर पुस्तकातच पाहिलं होतं. ते तांबूस धुकं, त्या काळ्या खांबांसारख्या कडा, मधली ती मोकळी जागा. तोडणीच्या बायका मंडपात आल्या आल्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या. एकीने हात जोडले.

पाळणा शेवंतीने सजवला होता. आत नारळ, त्याला झबलं. मी खोटं सांगत नाही, झबलं घातलं होतं.

आधी सत्कार. तुझा सत्कार तुझ्या बापाने स्वीकारला, शाल त्याच्या नव्या सदऱ्यावर पडली आणि सदरा झाकला गेला. मग खंडेराव अण्णा माइकवर आले. चाळीस मिनिटं बोलले. त्यांच्या वडिलांनी गावात पहिली विहीर बांधली, पहिला ट्रॅक्टर आणला, आणि आता आकाशात पहिले तेच. मग म्हणाले, एवढा मोठा ढग, नाव कुठे द्यायचं? तर त्यातला सर्वांत मोठा, सर्वांत तेजस्वी तारा आम्ही निवडला आहे, ज्याच्यामुळे हा सगळा ढग उजळला. आणि छडी घेऊन, ज्या छडीने मी शाळेत नकाशा दाखवायचे तसल्याच, त्यांनी मधोमध टेकवली. तुझ्या त्या झगझगीत ताऱ्यावर.

माझ्या हातात तुझं पान होतं. मी बसल्या जागी ते पुन्हा वाचलं. बाकीचं लांब वाटलं तर गाळ, असं तू लिहिलं होतंस. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या वाचून मी खाली बसू शकत होते. नाव देता येत नाही, एवढ्याने थोडी कुजबुज झाली असती, अण्णांनी सावरून घेतलं असतं. पण मी चौतीस वर्षांत कधी धडा अर्धवट सोडला नाही.

बायकांनी पाळणा हलवून नाव घातलं, कुर्र झालं, टाळ्या झाल्या. मग मला बोलावलं. मी सगळं पान वाचलं. सावकाश. तापट ताऱ्यांपर्यंत ठीक होतं, माना हलत होत्या. मग त्या ठळक ताऱ्याचा परिच्छेद आला. चाळीस वर्षं सगळ्यांना वाटत होतं की काम यानेच केलं. प्रत्यक्षात तो ढगात नाहीच, खूप अलीकडे आहे, आणि काम केलं ते मागे धुळीत असलेल्यांनी. मी वाचून थांबले.

आणि मग पुढच्या रांगेतून मंगळू उठला. आमच्या पेठकडच्या माणसाला आवाज बेताचा ठेवणं माहीत नाही. त्याने अगदी मनापासून, काही न कळल्यासारखं विचारलं, की मास्तरीणबाई, म्हंजे ह्यो देवरामअप्पाचा तारा कायच करत नाय? नुस्ता फुडं उभा हाय? कामं मागचेच करतात?

मी म्हटलं, हो मंगळू, नुसता पुढे उभा आहे, म्हणून तो दिसतो.

पहिलं हसू कुणाचं, सांगू? तुझ्या आईचं. कला बायकांच्या घोळक्यात पाळण्याची दोरी धरून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, पण तो आवाज पदरात मावणारा नव्हता. मग सतरंजीवरच्या बायका हसल्या, मग खुर्च्या, मग काळे चष्मेवालेसुद्धा. अण्णा हुशार माणूस, उठून म्हणाले, जवळ आहे म्हणजे आपलाच आहे, आपल्या माणसांच्या जवळ! त्यावर तर सगळा मंडप खदखदला. मागून कोणीतरी ओरडलं, अण्णा, जरा बाजूला सरका, ढग दिसत नाही! खरंच ते स्टेजवर छायाचित्राच्या बरोबर मध्ये उभे होते.

मी शेवटच्या दोन ओळी वाचल्या, पण त्या कुणाला ऐकू गेल्या नसाव्यात. वार्ताहर जेवायला गेला होता, तेव्हा तुझ्या सरांना घाबरायचं कारण नाही.

मी वाचताना मोतीरामकडे पाहिलं नाही, तू सांगितलं होतंस म्हणून. नंतर पाहिलं. तो शाल दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता, थंडी वाजल्यासारखा. संध्याकाळी माझ्या दारात आला. म्हणाला, ताई, तू मला पुन्हा मागच्या रांगेत नेऊन बसवलंस. बस्स, एवढंच. आज सकाळी अण्णांच्या माणसाचा निरोप आला, पॅनलमधलं सहावं नाव बदललं आहे.

आता तो माझ्याशीही बोलत नाही. तुला सोबत झाली. मी जे केलं ते बरोबर केलं असं मला काल वाटत होतं. आज इतकं वाटत नाही, पण वाचलेलं परत घेता येत नाही.

तुझी, अजूनही कान धरायला आणि धरून घ्यायला तयार असलेली,
वत्सलाआत्या

पुणे
दि. १२ डिसेंबर २०२५

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मी संस्थेच्या कॅन्टीनमध्ये वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. पत्र संपेपर्यंत मात्र ते पाणी मला खरंच लागलं.

खरं सांगायचं तर, ते पान लिहिताना माझ्या मनात खंडेराव अण्णा नव्हते असं मी म्हणणार नाही. ते नेमका तोच तारा निवडतील हे मला माहीत नव्हतं. पण माझी खात्री होती. ठळक दिसेल त्याच्यावरच बोट ठेवणारी माणसं मी इथे परिषदांमध्येही रोज बघते. तेव्हा ओझं तुझ्या एकटीचं नाही. मी पुण्यात बसून दगड मारला आणि तो तुझ्या हाताने गेला, आणि लागला बाबांना.

मी त्यांना फोन केला. त्यांच्याच नंबरवर, ज्ञानेशच्या नाही. उचलला. मी बोलत राहिले, ते काही बोलले नाहीत, पण ठेवलाही नाही. चार मिनिटं. मागे पाण्याचा पंप चालू असल्याचा आवाज येत होता. शेवटी मी म्हटलं, ठेवते. तेव्हा ते हं म्हणाले.

आईला सांग, तिच्या हसण्याबद्दल मी तिची आभारी आहे. आणि मंगळूकाकांना सांग, असा नेमका प्रश्न मला इथल्या एकाही परिषदेत कुणी विचारला नाही.

तुझा हात हातात घेऊ पाहणारी,
प्रतिभा

मखमलाबाद, ता. जि. नाशिक
दि. ३० डिसेंबर २०२५

चि. प्रतिभास,
मोतीराम गंगाधर विधाते याचा आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर मला बोलता येत नाय. समोरचा माणूस काय बोलंल ह्याची वाट बघण्यातच माझं बोलणं राहून जातं. ज्ञानेशला लिहायला सांगितलं असतं, पण मग ते त्याचं पत्र झालं असतं. शुद्धलेखन तुझ्या आत्याला दाखवू नको.

निवडणूक झाली. अण्णाने मला काढल्यावर मी अपक्ष फॉर्म भरला. निशाणी शिडी मिळाली. अण्णाचं पॅनल आलं, मी नऊ मतांनी पडलो. एकशे बारा मतं पडली मला. मागं पॅनलमध्ये असताना निवडून आलो होतो, तवा पण एवढी नव्हती. लोकं लय वाईट हायत. अण्णा बाजारात आला की टेम्पोवाले एकमेकाला म्हणतात, सरका, तारा आला. अण्णाला वाटतं की मी शिकवलं. मी नाय शिकवलं. पण मी थांबवत पण नाय.

तुझ्या आत्याशी मी तेरा दिवस बोललो नाय. चौदाव्या दिवशी तिच्या टेबलावर तुझं ते पान होतं, ती नसताना घेऊन आलो आणि गोठ्यात बसून वाचलं. मंडपात मला काय ऐकूच आलं नव्हतं, नुस्तं हसणं ऐकू आलं होतं. दोन वेळा वाचलं. मग तिच्याकडं जाऊन विचारलं, की ताई, हा तारा अलीकडं हाय का पलीकडं हाय हे पोरीला कळलं कसं? हात तर पुरत नाय तिथं. ती म्हणाली, तुझी मुलगी हाय, तिला विचार. म्हणून विचारतो. मला खरंच कळलं नाय. मी शेताची मोजणी करताना लांबची खूण जवळ भासते आणि जवळची लांब, हे बघितलेलं हाय. मोजणीवाले पण चुकतात. तू चाळीस वर्षांची मोजणी चुकीची काढली आणि ती बाकीच्या शिकलेल्या लोकांनी मान्य केली, म्हंजे तुझ्याकडं काहीतरी पक्की खूण असणार. ती मला समजून सांग. मंडपात नको. मला एकट्याला सांग.

माफीबिफी मी मागत नाय. साखरपुड्याला मी अण्णाला शब्द दिला होता आणि माणसाला शब्द पाळावा लागतो. पण तो शब्द मी तुला न विचारता दिला होता. तेवढं माझं चुकलं. आता परत लिहायला लावू नको.

तुझी आई विचारते, तू दुपारी जेवती का नुस्ता चहा घेती.

पुढच्या गुरुवारी, आठ तारखेला, पुण्याला फुलांचा टेम्पो जातोय. मी त्यात बसतो. माल उतरवून अकरा वाजेपर्यंत तुझ्या संस्थेत येतो. ज्ञानेश म्हणाला की गेटवर वॉचमन वहीत सगळं लिहून घेतो, नाव काय, कोणाला भेटायचं, आणि तिचे तुम्ही कोण. नाव मी लिहीन. तुझं पण लिहीन, आता स्पेलिंग पेपरात बघून पाठ झालंय. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते आधी कळव, म्हंजे तिथं लोकांसमोर अडायला नको.

उत्तर यावे, ही विनंती.
आपला,
मोतीराम